बिंदगीतल्या ताकाचे कपकेक

येळवशीच्या आदल्या दिवशी मी आंबिलीच्या बिंदगीत डाव घातला, ताक समजून ती आंबील कपकेकच्या पिठात ओतली, डाव चाटला आणि तोच डाव परत बिंदगीत सोडला.

यातली प्रत्येक गोष्ट ही वेगळी चूक आहे, असं मला नंतर घरातल्यांनी समजावून सांगितलं. त्या वेळी मात्र मला काम झकास चाललंय असंच वाटत होतं.

ज्यांच्याकडं येळवस नसते त्यांच्यासाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या भागातली गावं ओस पडतात. सगळी माणसं शेतात. उभ्या पिकात कडब्याची खोपी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा करायची आणि मग दिसेल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. जेवणात भज्जी, म्हणजे शेंगा आणि पालेभाज्यांची मिसळ भाजी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर आणि आंबील. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ शिजवून त्यात ताक, लसूण, मिरची, जिरं घालून रात्रभर आंबवलेलं पातळ पेय. ती बिंदगीत, म्हणजे मातीच्या मोठ्या मडक्यात, आदल्या दिवशीच भरून ठेवतात. पांडवांना दाखवल्याशिवाय तिला कुणी तोंड लावत नाही. मी लावलं.

आता या सणात कपकेक कुठून आला, तर पुण्याहून.

माझ्या मुलीचं लग्न गेल्या उन्हाळ्यात झालं. दिवाळीला तिच्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, घरी केलेल्या कपकेकचा एक डबा पाठवला. प्रत्येकावर क्रीमची पणती, पणतीत केशरी ज्योत. खाऊ का ओवाळू असं झालं. घरातल्या सगळ्यांनी इतकं कौतुक केलं की माझ्यातला व्याही चवताळला. मी फोन लावला आणि धन्यवाद देता देता बोलून गेलो, ‘‘येळवशीला तुम्ही सगळे शेतात या. आमच्याकडंबी करतेत असले केक. मी स्वतः करून घालतो.’’

विहीणबाई म्हणाल्या, ‘‘हो का? छान.’’

बायको समोरच बसली होती. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, ‘‘कोण करणार म्हणलात?’’

‘‘मी.’’

‘‘तुमी चहा करायलात तर पातेलं घासायला मला परवडत न्हाय.’’

हे खरं होतं, पण मी कळंबच्या शाळेत इतकी वर्षं भूगोल शिकवतोय. समभार रेषा समजावून सांगणाऱ्या माणसाला मैदा आणि साखर एकत्र करता येणार नाही, असं मी का मानावं?

मुलीचा फोन त्याच संध्याकाळी आला. आवाज दबका होता, म्हणजे सासरच्या गॅलरीत उभी असणार.

‘‘पप्पा, तुम्ही काही करू नका.’’

‘‘अगं, साधा केक तर आहे.’’

‘‘आईंना आंबील प्यायची आहे, भज्जी खायची आहे. त्या त्यासाठी येतायत. पहिल्यांदाच येतायत आपल्याकडं. तेवढं नीट होऊ दे.’’

‘‘त्या तर छान म्हणाल्या.’’

फोनवर गॅलरीचं दार लोटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, ‘‘त्या सगळ्यालाच छान म्हणतात, पप्पा. मी केलेल्या वरणाला छान म्हणतात, करपलेल्या पोळीला छान म्हणतात. सहा-सात महिने झाले, मला अजून कळलं नाही त्यांना काय आवडतं आणि काय नाही. मी त्या घरात पाहुणीच आहे अजून. एक दिवस तरी त्या आपल्यात मोकळ्या बसाव्यात, एवढंच मला वाटतंय.’’

मी तिला म्हणालो, तू काळजी करू नकोस. माझ्या तोंडून हे वाक्य निघालं की घरातले लोक काळजी करायला लागतात, पण ती बिचारी लांब होती.

मग मी व्हिडिओ बघायला लागलो. मला या व्हिडिओवाल्या बायांचा मनापासून राग आहे. ‘‘घरातल्याच साहित्यात’’ असं म्हणतात आणि पहिल्या मिनिटाला असं काहीतरी काढतात की ते घरात काय, तालुक्यात नसतं. ‘‘एक कप मैदा’’ म्हणतात. कुणाचा कप? आमच्या घरात दोन कपांचं माप एकमेकांशी जुळत नाही. एकीनं सांगितलं मिश्रण रिबनीसारखं पडलं पाहिजे. मी डोळ्यांसमोर शाळेतल्या मुलींच्या रिबनी आणून पाहिल्या, काही बोध झाला नाही. पण एक गोष्ट सगळ्या बाया सारखी सांगत होत्या. अंडं नको असेल तर ताक घाला, ताक आणि सोड्यानं केक फुलतो. सणाला अंडं चालणार नव्हतंच. ताक तर आमच्या घरात पाण्यासारखं. इथं मला पहिल्यांदा हायसं वाटलं आणि तिथंच घात झाला.

कागदाच्या वाट्या घ्यायला कळंबच्या बाजारात गेलो. येळवस तोंडावर, त्यामुळं सगळा बाजार भज्जीच्या भाज्यांनी हिरवा झालेला. तुरीच्या शेंगा, ओला हरभरा, वाटाणा, चुका, मेथी. त्या गर्दीत मी केकच्या सामानाचं दुकान शोधत फिरलो. दुकानदार ओळखीचा निघाला.

‘‘कुणाचा वाढदिवस, गुरुजी?’’

‘‘वाढदिवस नाही. येळवस आहे.’’

त्यानं काट्यावरून मान वर केली. ‘‘येळवशीला केक?’’

‘‘व्हय.’’

‘‘पांडवाला मेणबत्ती लावणार का काय?’’ असं म्हणून त्यानं वाट्यांचा गठ्ठा पुढं सरकवला. शिवाय मागं उभ्या असलेल्या माणसाला ही बातमी दिली. मी अननसाचा वास असलेली बाटलीही घेतली. विहीणबाईंच्या केकाला कसला तरी वास होता, तो कसला हे आठवत नव्हतं, अननस सभ्य वाटला.

येळवस आमच्या गावात, थोरल्या भावाच्या घरी होते. बायकोला एसटीनं पुढं पाठवलं, मी मुलीचा जुना छोटा ओव्हन दुचाकीला मागं बांधला आणि आदल्या दिवशी सकाळीच गावी पोचलो. थोरली वैनी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं ओव्हन पाहिला.

‘‘टीव्ही आनला व्हय, भावजी?’’

‘‘केकची भट्टी आहे.’’

‘‘बरं. चुलीपसून लांब ठिवा. आन् सैपाकघरात मधी मधी करू नका, आज लई काम हाय.’’

शेजारच्या खळ्यावर तुरीची रास, म्हणजे मळणी, चालली होती. त्या धुराळ्यानं माझं नाक सकाळपासून चोंदलेलं होतं. हे सांगतोय कारण पुढं या नाकाला फार महत्त्व आहे.

दुपारी वैनी आणि माझी बायको दोघी भाज्या निवडायला अंगणात बसल्या. स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आलं. मैदा चाळला, साखर दळली, सोडा मोजला. पाळी ताकाची आली. फळीवर ताकाचं नेहमीचं भगुलं रिकामं. कोपऱ्यात चुंबळीवर बिंदगी, वर पांढरं फडकं बांधलेलं. सोडून बघितलं तर आत पांढरं, आंबट, गच्च भरलेलं. डावानं घेतलं. जरा दाटच वाटलं. मनात म्हटलं, घरच्या म्हशीचं आहे, दाट असणारच. चाखून बघितलं. सर्दीत जीभ पण बसलेली, आंबट आणि खारट तेवढं कळलं. ताकात मीठ कशाला असं वाटलं, पण खेड्यातलं ताक, घातलं असेल कुणी. डाव परत सोडला आणि फडकं होतं तसं बांधलं. आपण मागं पसारा ठेवत नाही याचं तेव्हा समाधानही वाटलं.

मिश्रण रिबनीसारखं पडत होतं. शपथेवर सांगतो.

ओव्हनमध्ये वाट्या ठेवल्या, बटण फिरवलं. आत काजव्याएवढा उजेड पडला. गावात व्होल्टेज नव्हतं. बराच वेळ मी काचेला डोळा लावून बसलो. पीठ जसंच्या तसं, फक्त वर साय धरल्यासारखी दिसायला लागली. मग तो काजवाही गेला. लाईट गेली ती आता उद्याशिवाय येत नाही, असं अंगणातून बायकोनं ओरडून सांगितलं. तिच्या आवाजात जो आनंद होता तो मी लक्षात ठेवलाय.

पण व्हिडिओतली एक बाई कुकरमध्ये केक करते. तळाला मीठ, वर इडलीचं पात्र, त्यात माझ्या वाट्या. कुकरची शिट्टी आणि रबर काढून ठेवायचं असतं. मी वर्गात हवेच्या दाबावर तास घेतो. मी रबर काढलं नाही. शिट्टीही तशीच. पाणी नसल्यामुळं शिट्टी काही झाली नाही, फक्त रबर जळाल्याचा वास घरभर झाला. तोही मला आला नाही. अंगणातून आला तो सवाल.

‘‘काय जळायलंय वो?’’

‘‘काही नाही. केक फुलायलाय.’’

उरलेला घाणा मी रबर काढून केला. कागदी वाट्या कलंडल्या होत्या, काही केक तिरपे, काही मधी बसलेले, एकाला दुसरा चिकटलेला. पण झाले होते. बोट लावलं की दबत होते, बोट काढलं की तसेच दबून राहत होते. आता सजावट. क्रीम फेटायला मशीन पाहिजे म्हणे. मी रवी घेतली. ताक घुसळायची रवी क्रीमला का चालू नये, याचं उत्तर मला भिंतीवर मिळालं. मग म्हटलं, आपण खव्याच्या मुलुखातली माणसं. खवा आणि पिठीसाखर मळली, बारीक गोळ्या केल्या आणि प्रत्येक केकवर पाच पाच गोळ्या मांडल्या. पांढरे, गोल, एका रांगेत. विहीणबाईंच्या पणतीला हे माझं उत्तर होतं.

बायको भाजीची पाटी घेऊन आत आली आणि दारातच थांबली.

‘‘हे काय?’’

‘‘पांडव.’’

‘‘पांडव खायचे असतेत का?’’

खरं सांगायचं तर हा विचार माझ्या मनाला शिवलाच नव्हता. मी म्हणालो, ‘‘गणपतीचे पेढे करत नाहीत का?’’

‘‘गणपतीला पेढे करतेत. गणपतीचे न्हाय करत.’’

तोवर वैनी आली. मी तातडीनं एक केक तिच्या हातावर ठेवला. घरात ती मोठी. तिनं चांगलं म्हटलं की बायकोचं तोंड बंद होतं. वैनीनं केक तोंडाशी नेला, पण खाल्ला नाही. वास घेतला. परत घेतला.

‘‘भावजी, ह्यात लसून हाय का?’’

‘‘केकात लसूण कशाला असेल? अननस आहे.’’

‘‘अननसबी हाय. आन् लसूनबी हाय.’’ तिनं कोपऱ्यातल्या बिंदगीकडं पाहिलं. फडक्याची गाठ तिनं बांधली होती तशी नव्हती. ‘‘ताक कुठलं घातलं?’’

मी बोटानं दाखवलं.

‘‘ती आंबील हाय.’’

बायकोनं भाजीची पाटी खाली ठेवली. तुरीचं मळणीयंत्र तेवढं शेजारी घरघरत होतं.

‘‘चाखली का?’’ वैनीनं विचारलं.

‘‘जराशी.’’

‘‘कशानं?’’

‘‘डावानं.’’

‘‘मंग डाव?’’

‘‘परत… ठेवला.’’

वैनी खाली बसली. ती माझ्यावर ओरडली असती तर मी हरकत घेतली नसती. पण ती शांतपणे म्हणाली, ‘‘उष्टी झाली. पांडवाला न्हाय चालायची. आन् उंद्या पोरीच्या सासरचे यायलेत.’’ मग बायकोकडं वळली, ‘‘पीठ हाय. लसून हाय. ताक न्हाय घरात, सगळं ह्यातच गेलं.’’

बायकोनं चरवी उचलली आणि माझ्या हातात दिली.

येळवशीच्या आदल्या दिवशी गावात ताकाला कुणी नाही म्हणत नाही. एकमेकांना देतातच. पण ते दुपारपर्यंत. दिवस कलल्यावर चरवी घेऊन फिरणारा माणूस मी एकटाच होतो. पहिल्या घरी म्हातारीनं विचारलं, ‘‘सकाळी तुमच्या वैनीनं नेलंय की.’’

‘‘सांडलं,’’ मी म्हणालो.

दुसऱ्या घरी मी सांडलं म्हणायच्या आत तिथली सून पदराआड हसत होती. तिसऱ्या घरी गल्लीतले म्हातारे आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी मला उभं केलं.

‘‘सांडलं का चाटलं, गुरुजी?’’

आमच्या गावात रस्ता खराब आहे, रेंज येत नाही, पण ही एवढी बातमी भिंतीवरून भिंतीवर माझ्या पुढं पळत होती. आबांनी ताक दिलं, पण एका वेळी एक वाटी. प्रत्येक वाटीला एक प्रश्न. केक म्हणजे कसला? अननस का? पांडवाच्या गोळ्या कशाच्या? चरवी भरली तेव्हा मी सगळं सांगून बसलो होतो आणि ओट्यावर निम्मी गल्ली जमली होती.

घरी आलो तर वैनी गोठ्यात होती. तिनं माझ्या केकपैकी दोन-तीन म्हशीपुढं टाकले होते. म्हशीनं हुंगलं, नाक उडवलं आणि कडब्यात तोंड घातलं.

‘‘खवा तिच्याच दुधाचा असंल,’’ बायको म्हणाली, ‘‘म्हनून सोडला असंल.’’

उष्टी आंबील आम्ही घरच्यांनीच प्यायची ठरली. त्यात सगळ्यात मोठा वाटा माझा. नवीन आंबील दोघींनी कंदील लावून घातली. मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. उरलेले केक टाकून द्या म्हणाल्या. मला टाकवेनात. एवढा राग, एवढी रवी, एवढं रबर गेलं त्यात. डब्यात भरले आणि सकाळी कडब्याच्या पेंडीखाली लपवून शेतात नेले. का नेले ते विचारू नका.

सकाळी पुण्याची गाडी बांधावर येऊन थांबली. मुलगी उतरली तीच माझ्याकडं बघत. डोळ्यांनीच विचारलं, काही केलं का? मी मान हलवली. ती मान हो होती का नाही, हे माझं मलाच ठरवता आलं नाही.

पूजा झाली. वैनीचं नवीन आंबिलीचं मडकं खोपीत बसलं, पांडवांना दाखवलं, शेताभोवती शिंपडलं. अर्ध्या गावाचं ताक होतं त्यात, पण आंबली होती झकास. पंगत बसली. मुलीनं स्वतः सासूबाईंना वाढलं.

भज्जी. ‘‘छान आहे हं.’’

उंडे. ‘‘छान.’’

खीर. ‘‘छान झालीये.’’

आंबिलीचा पेला. ‘‘वा, छान.’’

सतरंजीवर मांडी घालून, पाठ ताठ, पदर सावरून बसल्या होत्या त्या, जशा एखाद्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसतात. मुलीचा हात वाढता वाढता हळू होत गेला. प्रत्येक छान ऐकून ती जरा खाली बघायची. माझी बायको माझ्याकडं बघत होती, आणि खरं म्हणजे त्यात माझा यावेळी काही दोष नव्हता.

तेवढ्यात बांधावरून आबा आले. येळवशीला वाटेनं जाणाऱ्याला हाक मारायचीच असते, आणि भावानं मारली. आबा पंगतीत बसले, आंबिलीचा घोट घेतला, जिभेवर घोळवला.

‘‘काय गुरुजी, ह्यात आमचं ताक कुठलं आन् शेजाऱ्याचं कुठलं?’’

विहीणबाईंनी पेला खाली ठेवला. ‘‘म्हणजे?’’

मी आबांकडं बघून डोळे वटारले. आबांची नजर अधू आहे. ‘‘आवो, ह्यांनी चाटलं न्हाय का.’’

मुलगी म्हणाली, ‘‘पप्पा.’’ एवढंच.

मग मला सांगावंच लागलं. मी ओव्हनपासून सुरू केलं. दडवायला जावं तर आबा पुढचं सांगायचे, त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. काजवा, रबर, रवी, अननस, पांडव, डाव, चरवी. मुलगी भाजीच्या पातेल्याकडं बघत बसली होती. जावई खोकत होते. विहीणबाई मात्र एकटक माझ्याकडं बघून ऐकत होत्या, चेहऱ्यावर काहीच नाही. शेवटी म्हणाल्या, ‘‘मग ते कपकेक कुठे आहेत?’’

‘‘टाकले,’’ बायको म्हणाली.

‘‘म्हशीनं सोडले,’’ वैनी म्हणाली.

मी उठलो आणि पेंडीखालून डबा काढला. त्या वेळी वैनीनं माझ्याकडं जसं बघितलं तसं म्हशीनंही बघितलं नव्हतं.

विहीणबाईंनी एक उचलला. पाच पांडवांपैकी दोन वाटेत गळाले होते, उरलेले एका कडेला सरकलेले. त्यांनी तो फिरवून पाहिला आणि चांगला मोठा घास घेतला. मुलगी हातातला डाव तसाच धरून बसली. मीही त्या घासाकडं बघत होतो. आता छान येणार, असं सगळ्यांना माहीत होतं.

विहीणबाईंनी चावलं. थांबल्या. परत एकदा चावलं. मग मांडी सोडून पाय पसरले, पदराचा कोपरा तोंडापुढं धरला आणि घास सरळ बांधाच्या बाजूला थुंकून टाकला. डोळ्यांत पाणी आलेलं. रिकामा पेला मुलीपुढं धरून म्हणाल्या, ‘‘अगं, आंबील दे आधी, ही चव जाऊ दे.’’ मुलगी पेला भरता भरता अशी हसायला लागली की निम्मी आंबील सतरंजीवर गेली. त्यांनी तसाच तो पेला एका दमात रिकामा केला, तोंड पुसलं आणि माझ्याकडं वळल्या.

‘‘भाऊ, पुढच्या येळवशीला आम्ही नक्की येणार. पण तुम्ही काही करू नका.’’